तोट्यातल्या पदवीचा सर्व्हे

४ जून

प्रिय मामा,

परवा फोन केला तर तू म्हणालास, "फोनवर बोललेलं हवेत जातं, काय ते लिहून दे." चौतीस वर्षं विमा कंपन्यांसाठी जळकी दुकानं आणि भिजलेली गोदामं मोजत फिरलेल्या माणसाकडे सख्ख्या भाचीलाही लेखी अर्ज करावा लागतो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझा भाऊ पाळण्यातसुद्धा रडायच्या आधी पावती मागत असणार." तर हा माझा लेखी अर्ज.

मला हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवरची नोकरी सोडून मानसिक आरोग्य सेवेची पदवी घ्यायची आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश मिळाला आहे. सात वर्षं मी केसपेपर करते आहे. नाव, वय, तक्रार, पुढचा. त्या कागदावर तक्रारीसाठी दोन बोटं जागा आहे आणि लोक मात्र काचेला तोंड लावून सगळं सांगत बसतात. मी "पोटदुखी" लिहिते आणि पुढच्याला बोलावते. घरी आल्यावर त्या न लिहिलेल्या गोष्टी माझ्याबरोबर जेवायला बसतात. त्या ऐकून नुसतं हळहळण्यापेक्षा पुढे काय करायचं ते मला शिकायचं आहे.

आईचं म्हणणं असं की लोकांची गाऱ्हाणी ऐकायला पदवी कशाला, ती चाळीस वर्षं बिनपगारी ऐकते आहे. तिच्या पेन्शनवर बँक कर्ज देत नाही. जामीन लागतो. जामीनपत्र सोबत जोडलं आहे, तीन ठिकाणी सही हवी. ३१ जुलै, शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत ते बँकेत दिलं नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर प्रवेश नाही.

तुझी भाची

१२ जून

प्रिय वकीलबाई,

अर्ज मिळाला. तारीख आहे, सही आहे, सोबतच्या कागदांची यादी नाही. तरीही दाखल करून घेतला, कारण अर्जदार लहानपणी माझ्या खांद्यावर बसून वकिलासारखा वाद घालत माझे केस उपटत असे आणि त्या नुकसानीचा निकाल अजून लागायचा आहे.

जामीन राहायचं म्हणजे आधी जागेवर जाऊन पाहणी. मी सगळे आकडे तुझ्या आजच्या पगारात मांडले आहेत, म्हणजे प्रत्येक आकडा तुला पोटात जाणवेल. दोन वर्षांची फी वीस पगार. दोन वर्षं घरात येणार नाही तो पगार, चोवीस. पुस्तकं, जाणं-येणं आणि मधल्या सत्रात परगावी राहायची खोली, सहा. बँकेचं व्याज मी हात आखडून आठ धरलं. एकूण अठ्ठावन्न पगार.

आता जमेची बाजू. कॉलेजच्या माहितीपत्रकात एका हसऱ्या मुलीचा फोटो आहे, पगाराचा आकडा नाही. म्हणून मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती चाळल्या. नव्या समुपदेशकाला संस्था देतात तुझ्या आजच्या पगाराच्या सव्वापट. म्हणजे महिन्याला पाव पगार जास्त. अठ्ठावन्न पगार पाव-पाव करत भरून काढायला एकोणीस वर्षं चार महिने लागतात. पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा तू तेहतीस वर्षांची असशील. म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून बावन्नाव्या वर्षी तू आज उभी आहेस तिथे येऊन पोचशील.

मी आगीचे चिक्कार दावे पाहिले. पण काडी लावायच्या आधी सर्व्हेअरला पत्र लिहून परवानगी मागणारी तू पहिलीच.

तुझी मामी असती तर म्हणाली असती, "आकडे ठेवा बाजूला आणि सही करा." ती नाही, म्हणून आकडेच आहेत. जामीनपत्र माझ्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. हललेलं नाही.

तुझा मामा

१८ जून

प्रिय मामा,

रिपोर्ट वाचून आईने कपाळावर हात मारला आणि मग तोच रिपोर्ट शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. आता अख्ख्या मजल्याला माहीत आहे की मी बावन्नाव्या वर्षी आजच्या जागी पोचणार आहे. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

आता माझी हरकत. पहिली नोकरी सव्वापट पगाराची असली तरी माणूस एकोणीस वर्षं पहिल्या नोकरीवर बसून राहतो का? तू स्वतः सायकलवर फिरणारा शिकाऊ होतास, पुढे कंपन्या तुला गाडी पाठवायच्या. आणि जमेची बाजू तू खुर्चीत बसून जाहिराती कापून ठरवलीस. एखाद्या गोदामाचं नुकसान तू कधी जाहिरात वाचून ठरवलं होतंस का? जागेवर जा. तुझ्या गावात समुपदेशक असतीलच. बघ त्यांच्याकडे किती लोक येतात.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही. मी राजीनामा दिला आहे, अर्जाच्या दोन दिवस आधीच. महिनाअखेरीला खिडकी सुटेल. तेव्हा तुझे ते चोवीस पगार आता पदवीच्या माथी मारू नकोस, ते माझ्या आगाऊपणाच्या खात्यात घाल.

तुझी भाची

३० जून

प्रिय वकीलबाई,

राजीनाम्याची बातमी अर्जात दडवलीस. आमच्या भाषेत याला महत्त्वाची माहिती लपवणे म्हणतात आणि त्यावर अख्खा दावा फेटाळता येतो. मी फेटाळला नाही, फक्त लाल शाईने अधोरेखित केलं.

तुझ्या हरकतीत मात्र दम आहे. जागेवर न जाता लिहिलेला हा माझा पहिलाच रिपोर्ट, आणि तो सख्ख्या भाचीने पकडला. म्हणून गेलो. बाजारात चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक समुपदेशक बाई बसतात. समोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे स्टुलावर बसून मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नोंद ठेवली. नऊ जण वर गेले, नऊ खाली आले. एक बाई रडत वर गेल्या आणि रडतच खाली आल्या, तेव्हा कामाच्या दर्जाबद्दल शंका नोंदवली आहे. झेरॉक्सवाला मला दुपारी म्हणाला, "काका, वर जायला लाज वाटत असेल तर मी सोबत येऊ का?"

बाहेरून एवढंच दिसतं. आतली पाहणी हवी, म्हणून दुसऱ्या दिवशी वेळ घेऊन वर गेलो. बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या, एकीचा पाय डुगडुगता. आत दोन खुर्च्या, एक कुंडी, कागदी रुमालांचा डबा. हे रुमाल महिन्याला अकरा डबे लागतात, खर्चात धर. कारण काही तरी सांगायला हवं म्हणून मी सांगितलं की माझा एक मित्र आहे, त्याचं कशात मन लागत नाही. बाई म्हणाल्या, "मित्र स्वतः का नाही आले?" मी म्हटलं, "त्याला कामं असतात." त्या म्हणाल्या, "निवृत्त आहेत म्हणालात ना?" बाई हुशार आहेत. फी पूर्ण घेतली.

सुधारित अंदाज असा. पहिली तीन वर्षं सव्वापट, पुढे स्वतःची खोली घेतलीस तर भाडं, रुमाल आणि वेळ घेऊन न येणारी माणसं वजा जाता दीडपट. चोवीस पगार मी पदवीच्याच माथी ठेवले आहेत, तुझ्या आगाऊपणाचं वेगळं खातं उघडायला माझी वही पुरणार नाही. तरी बावन्नावरून चव्वेचाळिसाव्या वर्षावर आलीस. तोटा तो तोटाच.

पाहणी अपुरी वाटते. परत एकदा जावं लागेल.

तुझा मामा

५ जुलै

प्रिय मामा,

तुला मित्र आहे ही बातमी आमच्याकडे मोठी खळबळ उडवून गेली. आई म्हणाली, "चौकशी कर, कोण बिचारा आहे तो." मी म्हटलं, बहुतेक चष्मा लावतो, लाल शाईने लिहितो आणि सही मागितली की पेपरवेट ठेवतो.

परत जाणार आहेस ते चांगलं आहे. डुगडुगती खुर्ची दोनदा मोजली म्हणजे तिचा पाय बरोबर होतो का ते कळव. पण मामा, चव्वेचाळीस मला मान्य आहे. तू मला तोटा दाखवत बसू नकोस, तो मला दिसतो. मी फायद्यासाठी जात नाहीये. तोटा मी सोसेन, फक्त तो सोसायला बँकेने आधी पैसे द्यायला हवेत आणि त्यासाठी तुझी सही हवी. तू नाही म्हणालास तर आमच्याकडे दुसरं कुणी नाही. खिडकीवर माझ्या जागी नवी मुलगी आली आहे. माझ्याहून भरभर लिहिते.

तुझी भाची

१६ जुलै

प्रिय मामा,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. तुझ्याकडून उत्तर यायला उशीर होणं म्हणजे घड्याळ मागे पडणं. आईने फोन केला तर तू म्हणालास, "पाहणी चालू आहे," आणि ठेवलास.

एका समुपदेशक बाईंची किती पाहणी करणार? तेवढ्या वेळात तू आगीत गेलेली कापडगिरणी उरकायचास. खरं सांग, सही द्यायची नाही म्हणून वेळ काढतो आहेस का? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी रागावणार नाही. रागावेन, पण तुझ्यापर्यंत येऊ देणार नाही. पंधरा दिवस राहिले आहेत.

तुझी भाची

२० जुलै

प्रिय वकीलबाई,

वेळ काढत नव्हतो. पाच वेळा गेलो त्या बाईंकडे. पहिल्या दोन वेळा मित्राचं चाललं होतं. तिसऱ्या वेळी बाईंनी विचारलं, "तुमच्या मित्राच्या घरात कोण कोण आहे?" आणि मी म्हटलं, "बायको होती." मग मित्र उठून गेला आणि खुर्चीत मीच उरलो. पुढे काय बोललो ते थोडक्यात का होईना लिहितो, कारण तुला ते माहीत नाही आणि मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या गोदामाच्या आगीच्या रिपोर्टवर होतो, नोकरीतला शेवटचाच मोठा. मंगळवारी तुझी मामी म्हणाली, छातीत भरून येतं. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांब, रिपोर्ट टाकतो आणि जाऊ डॉक्टरकडे. ती बरं म्हणाली. शुक्रवारी गेली. शनिवारी मी रिपोर्ट टाकला. वेळेत. त्याबद्दल कंपनीने कौतुकाचं पत्र पाठवलं होतं.

तुला माहीत आहे, आमच्या कामात नुकसान कुणाच्या निष्काळजीपणामुळे किती झालं ते टक्क्यांत लिहावं लागतं आणि तेवढी भरपाई कापतात. दोन वर्षं मी तो रिपोर्ट मनात लिहून ठेवला होता. निष्काळजीपणा शंभर टक्के, खाली माझं नाव. ती फाइल मी पुन्हा उघडली नाही.

बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही इतक्या वर्षांत कुणाच्या नावावर जास्तीत जास्त किती टक्के लिहिलेत?" मी म्हटलं, चाळीस. एकजण थिनरच्या उघड्या डब्याशेजारी बसून सिगारेट ओढत होता, त्याला चाळीस. कारण वायरिंग जुनं होतं, दरवाजा बाहेरून बंद होता, आगीचा स्वतःचाही एक वाटा असतो. शंभर कुणालाच नाही. शंभर लिहिणारा सर्व्हेअर कच्चा असतो, हे मी शिकाऊ पोरांना शिकवत आलो.

त्या म्हणाल्या, "मग हा एक रिपोर्ट कुणी लिहिला?"

घरी आलो, कागद घेतला आणि तिचा सर्व्हे पहिल्यांदा नीट केला. तिने मंगळवारी सांगितलं. मी चार दिवस मागितले. तिला मागे कधी असा त्रास झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. सगळं मांडून आकडा आला तीस टक्के. दोनदा तपासला. तीस टक्के जड आहेत, पण उचलता येतात. शंभर उचलत नव्हते.

तुझ्या पदवीचा रिपोर्ट मी बदललेला नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तोटाच आहे, आणि त्या बाईंच्या खोलीचं भाडं ऐकल्यावर पंचेचाळीस धर. मी पाच वेळची फी भरली, त्यात बाईंना काय उरलं असेल ते उघड दिसतं. तरी सही केली आहे, तिन्ही ठिकाणी. जामीनपत्र सोबत आहे. माझ्यासारखे आणखी मित्र असतील, त्यांच्यासाठी कुणीतरी तोटा सोसायला हवा.

तुझा मामा

२४ जुलै

प्रिय मामा,

जामीनपत्र बँकेत दिलेलं नाही. या पत्राबरोबर परत पाठवते आहे. का ते वाच आणि मग काय करायचं ते ठरव.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मामी चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, आठवतं? ती आपल्यातून जायच्या सहा आठवडे आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खिडकीवर आली, रांगेत उभी राहून. मी म्हटलं, अगं, आत ये ना. तर म्हणाली, "नको, लोकांना वाटेल ओळखीची म्हणून पुढे घुसली." नाव, वय, तक्रार. तक्रारीत मी माझ्या हाताने लिहिलं, छातीत भरून येते. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाली, "तुझ्या मामांना इतक्यात सांगू नकोस. त्यांचं गोदामाचं चालू आहे. ते संपलं की मीच सांगते." माझा हात धरून वचन घेतलं. मी हो म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं.

तपासण्यांना ती आली नाही. आमच्याकडे नोंद असते, मला दिसत होतं. मी एकदा फोन केला, ती म्हणाली, "आता बरं आहे गं." मी विश्वास ठेवला, कारण तेच सोयीचं होतं.

तू मामीचं नाव काढलंस की मी विषय बदलते, ते तू पाहिलं असशील. दोन वर्षं मी तुझ्यासमोर नीट बसू शकलेले नाही. पदवीचं खूळ डोक्यात आलं ते इथून. त्या दिवशी कुणी शहाण्या माणसाने तिला थांबवून दोन वाक्यं विचारली असती, तर ती कशाला घाबरते आहे ते तिने सांगितलं असतं. मला ती दोन वाक्यं येत नव्हती.

तू लिहिलंस की तिला मागे त्रास झाल्याचं तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. महत्त्वाची माहिती मीच लपवली. तू दावा फेटाळलास तर मी तक्रार करणार नाही, नोकरी परत मागायला हॉस्पिटलमध्ये जाईन. पण हे सांगितल्याशिवाय तुझी सही घेऊन शिकायला जाणं मला जमणार नाही.

भाची

२८ जुलै

प्रिय वकीलबाई,

पत्र शनिवारी मिळालं. शनिवार आणि रविवार मी तुझ्यावर रागावलो होतो. रविवारी जेवलोसुद्धा नाही. सोमवारी सकाळी बाईंकडे गेलो आणि तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाचता वाचता "रांगेत उभी राहून" इथे आलो आणि पुढे वाचता आलं नाही. ती तशीच होती. सख्ख्या भाचीच्या खिडकीवर जाऊन रांग धरणारी.

नवा पुरावा आला की फाइल पुन्हा उघडावी लागते. उघडली. माझे तीस होते, त्यांचे वीस झाले. तुझ्या नावावर काहीच लिहिलं नाही तर तू वकिली करशील आणि मला खोटं पाडशील, म्हणून पाच लिहिले. तू तेव्हा एकोणतीस वर्षांची होतीस, पण तिला दिलेलं वचन मोडणं कुठल्याच वयात मलाही जमलं नसतं, आणि मी तर तिचा नवरा. पन्नास आजाराचे. उरलेले पंचवीस तिचे. तिने ते आपल्या दोघांना न विचारता घेतले, नेहमीसारखे, आणि वर म्हणाली असती की मला काही जड नाही.

आणि एक गोष्ट, जी मी बाईंनाही नीट सांगू शकलो नाही. दोन वर्षं मला वाटत होतं की तिने तो त्रास आयुष्यात एकाच माणसाला सांगितला आणि त्या माणसाने तिला शनिवार दाखवला. तिने तुलाही सांगितलं होतं. तू तिचा कागद केलास, तिने तुझा हात धरला होता. म्हणजे त्या सहा आठवड्यांत ती अगदी एकटी नव्हती. हे कळलं आणि मी मुलासारखा रडलो. मग बरं वाटलं. बाईंचा रुमालांचा खर्च मी मागे फार कमी धरला होता.

तू मला हे आधी सांगायला हवं होतंस. आता सांगितलंस, तेही जमा धरलं आहे. इथे येशील तेव्हा माझ्यासमोर नीट बस.

जामीनपत्रावरची सही मी खोडलेली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून पुन्हा एकदा केली आहे, म्हणजे सगळं माहीत असताना केलेली ठरते. बँकवाले विचारतील की दोन दोन सह्या कशाला, तर सांग, जामीनदार म्हातारा आहे आणि त्याचं समाधान होत नाही.

शुक्रवारी पाचच्या आत दे. मामीसारखी रांगेत उभी राहा, पण खिडकीपाशी पोचलीस की सगळं सांग.

तुझा मामा